समुद्रातला गोतावळा

सोलापूरकराने समुद्रावर लेख लिहावा, याचं हसू येणं साहजिक आहे. आमच्याकडे पावसाचं पाणीसुद्धा अरबी समुद्राकडे पाठ फिरवून जातं. सीना भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. बाजारात मासे येतात ते बहुतेक उजनीच्या धरणातले. समुद्र आमच्या मुलांनी पाहिलेला असतो तो शाळेच्या सहलीत, एकदा.

तीसेक वर्षं मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. सागरी जीवांचं प्रकरण दर वर्षी यायचं आणि फळ्यावर आकृत्या काढून मी ते उरकायचो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "सर, माशाला चुलत-मावस असतात का ओ? म्हणजे ते शेजारी शेजारी राहतात का आपल्यासारखं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पाठ्यपुस्तकातलं उत्तर दिलं: समुद्रात नाती टिकत नाहीत. अंड्यातून बाहेर पडलेली बाळं प्रवाहाबरोबर कुठल्या कुठे वाहून जातात. आई एका देशात, मूल दुसऱ्या. भावंडं तर पुन्हा कधीच भेटत नाहीत.

मुलगा खाली बसला. माझं उत्तर त्या काळाला धरून होतं, पण ते अपुरं होतं, आणि काही बाबतींत सरळ चुकीचं होतं. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा ही चूक ध्यानात आली. हा लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

वाहून जाण्याचा सिद्धान्त

आधी जुन्या उत्तरात तथ्य किती होतं ते पाहू. जमिनीवरचा प्राणी पिल्लांना जन्म देतो आणि काही काळ जवळ बाळगतो. समुद्रातल्या बहुसंख्य प्राण्यांची रीत वेगळी. कालवं घ्या. कालवाची एक मादी एका हंगामात लाखो अंडी पाण्यात सोडते. त्यांतून डोळ्यांना धड न दिसणारे जीव निघतात. त्यांना आपल्या शास्त्रीय परिभाषेत डिंभ म्हणतात. हे डिंभ दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग एखाद्या खडकाला चिकटतात, ते कायमचे. शिंपल्या, खेकडे, कोळंबी, प्रवाळ, बहुतेक मासे, सगळ्यांच्या आयुष्यात हा तरंगण्याचा काळ असतो. कुणाचा चार दिवसांचा, तर काटेरी शेवंडीसारख्यांचा आठ-दहा महिन्यांचा.

इतके दिवस प्रवाहाच्या स्वाधीन झालेलं मूल आईच्या दारात परत कसं येणार? म्हणून शास्त्रज्ञांनी समुद्राला एकच मोठी सामाईक विहीर मानलं. सगळ्यांची बाळं त्यात मिसळतात, आणि ज्याच्या बादलीत जे येईल ते त्याचं. या कल्पनेचा व्यवहारातला अर्थ असा की, एका ठिकाणचे मासे संपले तरी फार बिघडत नाही, दुसरीकडची बाळं येऊन जागा भरतील. आपल्याकडे "दर्याला काय कमी आहे?" असं म्हणतात, त्यामागेही हाच विश्वास असतो.

हा विश्वास खरा की खोटा हे तपासायचं तर मुलाची आई शोधावी लागते. मोहरीच्या दाण्याहून लहान जीवाच्या गळ्यात पाटी कशी बांधणार?

ऑस्ट्रेलियातल्या जेफ जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती युक्ती काढली. माशाच्या कानात चुन्याचा एक सूक्ष्म खडा असतो आणि त्यावर झाडाच्या वर्तुळांसारखे रोजचे थर चढतात. या मंडळींनी ग्रेट बॅरियर रीफमधल्या लिझार्ड बेटाजवळ एका छोट्या प्रवाळमाशाच्या एक कोटीहून अधिक अंड्यांना टेट्रासायक्लिन हे औषध दिलं. ते त्या खड्यात मुरतं आणि विशिष्ट प्रकाशात चमकतं. काही आठवड्यांनी त्यांनी बेटाभोवती परत आलेली पाच हजार पिल्लं पकडून त्यांचे खडे तपासले. पंधरांत खूण सापडली. पंधरा म्हणजे फारच थोडी वाटतात. पण खूण केलेली अंडी ही बेटावरच्या एकूण अंड्यांपैकी शेकडा अर्धा ते दोन टक्केच होती. त्रैराशिक मांडलं तर बेटावर स्थिरावणाऱ्या पिल्लांपैकी १५ ते ६० टक्के घरचीच निघत होती. १९९९ साली हा शोध 'नेचर' नियतकालिकात आला. पुढे २००७ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात दोन जातींच्या माशांवर असाच अभ्यास झाला, तिथे घरी परतणाऱ्यांचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास भरलं.

सामाईक विहिरीचा सिद्धान्त इथे डळमळला. मग डीएनए तपासण्याचं तंत्र स्वस्त झालं आणि त्या मुलाचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता येऊ लागला: शेजारी शेजारी राहणारे हे जीव एकमेकांचे कोण लागतात? सख्ख्या भावंडांमध्ये सरासरीने निम्मा वारसा सामाईक असतो, सावत्रांत पाव. एकाच जागेवरचे शंभर जीव घ्यायचे, जोड्या लावायच्या आणि निव्वळ योगायोगाने जितके नातलग सापडावेत त्याहून जास्त सापडतात का ते पाहायचं. अनेक ठिकाणी ते जास्त सापडले. ते का सापडतात याची मला समजलेली कारणं चार आहेत, आणि चारही सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला सोपी आहेत.

वाडा, दिंडी, सोडत

पहिलं कारण वाड्याचं. घर सोडलंच नाही, म्हणून सगळे जवळ. समुद्रात काही प्राण्यांनी तरंगण्याचा टप्पाच गाळून टाकला आहे. काही प्रवाळ अंडी बाहेर न सोडता पोटातच वाढवतात. त्यांचे डिंभ तयार होऊनच बाहेर पडतात आणि बरेचसे जवळपासच चिकटतात. याचं सगळ्यात चकित करणारं उदाहरण म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजाच्या पोकळ्यांत राहणारी एक चिमुकली कोळंबी, सिनॅल्फियस रेगॅलिस. एमेट डफी यांनी बेलीझमध्ये तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये जाहीर केलं की, एका स्पंजात या कोळंबीची शेकडोंची वसाहत असते आणि तीत अंडी घालणारी राणी एकच. बाकीचे बहुतेक तिचीच मुलं. मोठी मुलं नांग्या उगारून परक्यांना हाकलतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा हा कारभार समुद्रातही असतो हे तेव्हा प्रथमच कळलं. तो शक्य झाला कारण या जातीची पिल्लं तरंगत जात नाहीत, चालत शेजारच्या पोकळीत जातात.

दुसरं कारण दिंडीचं. आषाढीला पंढरपुरात जा. कुठल्या तरी लांबच्या खेड्यातली माणसं चंद्रभागेच्या वाळवंटात एकाच ठिकाणी टेकलेली दिसतील. ती तिथली रहिवासी नव्हेत. ती शेकडो मैल चालून आली, पण एकत्र चालली म्हणून एकत्र पोहोचली. समुद्रात असं होऊ शकतं यावर बराच काळ कुणाचा विश्वास नव्हता. पण डॅसिलस अरुआनस नावाचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा आहे, फांद्याफांद्यांच्या प्रवाळात टोळीने राहणारा. त्याच्या टोळ्यांची नाती २००९ मध्ये तपासली गेली. टोळीतले मोठे मासे एकमेकांचे कुणी नव्हते. पण लहान आणि सारख्या आकाराच्या माशांत मात्र जवळचे नातलग असण्याची चिन्हं दिसली. सारखा आकार म्हणजे सारखं वय. तेव्हा एका विणीची भावंडं तीन आठवड्यांच्या प्रवासात एकमेकांना धरून राहिली आणि एकाच दारात उतरली, असा अर्थ निघतो.

कॅलिफोर्नियाच्या काटेरी शेवंडीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिचे डिंभ आठ ते अकरा महिने समुद्रात असतात. इतक्या काळात सगळं ढवळून निघायला हवं. तरी २०१३ मधल्या एका अभ्यासात काही जागी योगायोगाला न शोभेल इतके नातलग सापडले, विशेषतः जिथे तळाचं थंड पाणी वर येतं अशा भागांत. प्रवाह सगळं विखुरतात असं मी शिकवत होतो. काही प्रवाह आणि भोवरे उलट बांधून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं.

तिसरं कारण सोडतीचं. अमेरिकन शास्त्रज्ञ डेनिस हेजकॉक यांनी १९९४ मध्ये ते मांडलं. लाखो कालवं अंडी सोडतात, पण वेळ जमावी लागते. त्या दिवशी पाणी योग्य, खाद्य भरपूर, प्रवाह किनाऱ्याकडे, असा योग थोड्यांच्याच वाट्याला येतो. बाकीच्यांची सगळी प्रजा नष्ट होते. त्यामुळे एका वर्षी खडकावर चिकटलेली हजारो कालवं मोजक्याच आईबापांची असू शकतात. पुढच्या वर्षी सोडत दुसऱ्यांना लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या खडकांवरच्या शंखधारी जीवांत जवळजवळच्या जागांची वंशरचना वेगळी आणि वर्षागणिक बदलती असल्याचं जॉन्सन आणि ब्लॅक यांनी १९८२ मध्येच नोंदवलं होतं. त्या कोड्याचं एक उत्तर हेजकॉक यांच्या सोडतीत आहे.

या सोडतीतून एक भयंकर गोष्टही निघते. समुद्रात दहा लाख कालवं दिसली म्हणून वंश सुरक्षित आहे असं समजू नये. पुढची पिढी त्यांतल्या फार थोड्यांची असते. आपण नेमकी तीच उचलली तर?

आणि शेजार म्हणजे नातं, असंही नव्हे. 'फाइंडिंग निमो' हा २००३ चा चित्रपट आपल्या नातवंडांनी पाहिलेला असतो. त्यातला नारिंगी-पांढरा मासा समुद्रफुलात बाप आणि मूल अशा कुटुंबाने राहतो. प्रत्यक्षात पापुआ न्यू गिनीमध्ये या माशांचे डीएनए तपासले तेव्हा एका समुद्रफुलातले मासे परस्परांचे जवळचे नातलग निघाले नाहीत. ते एका खोलीत राहणारे भाडेकरू आहेत. याच माशांची मुलं किंबे उपसागरात साठ टक्के घरच्या बेटावर परततात, पण आईबापांच्या खोलीत नव्हे. वाडा वेगळा आणि गाव वेगळं, हा भेद इथे लक्षात ठेवायचा.

माहेर

चौथं कारण माहेराचं, आणि इथे आपण कोकणात येतो.

निवृत्तीनंतर एका मार्चमध्ये आम्ही उभयता वेळासला गेलो. रात्रीचा प्रवास, पहाटे घाट उतरलो तेव्हा सौ. म्हणाल्या, "एवढं लांब कासवं बघायला?" मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवण्याचं काम सुरू केलं. त्याआधी अंडी माणसं आणि कुत्री खात. संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरलं, अंडी कुंपणात पुरली, आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. गावातल्या घरांत पाहुणे राहू लागले.

सकाळी टोपली उचलली. खाली वाळूत दहा-बारा पिल्लं, तळहाताच्या निम्म्या आकाराची. ती लाटांकडे निघाली. एक उलटलं, सावरलं, पुन्हा निघालं. सौ. काही वेळाने म्हणाल्या, "यातली एखादी मोठी झाली की बाळंतपणाला इथेच येणार म्हणतात. खरं का?"

खरं आहे, आणि ते सिद्ध व्हायला बरीच वर्षं लागली. आर्ची कार यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोस्टारिकात कासवांना बिल्ले लावले तेव्हा एक मादी पुन्हा पुन्हा त्याच किनाऱ्यावर येते हे दिसलं. पण ती तिथेच जन्मली होती कशावरून? कदाचित तरुण माद्या जाणत्या माद्यांच्या मागे मागे येऊन किनारा शिकत असतील. या दोन शक्यतांचा निकाल १९९० मध्ये मेलन, बोवेन आणि अ‍ॅव्हिस यांनी लावला. पेशीतला एक प्रकारचा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. हिरव्या कासवांच्या वेगवेगळ्या वसाहती समुद्रात एकाच चराऊ भागात एकत्र येतात. त्या जाणत्यांच्या मागे जात असत्या तर आईकडचा वारसा सगळीकडे मिसळलेला दिसला असता. तो वसाहतीगणिक वेगळा निघाला. म्हणजे लेकी आईच्याच किनाऱ्यावर येत होत्या.

त्या वाट कशी ओळखतात? पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जागोजागी थोडं वेगळं असतं, आणि पिल्लू आपल्या किनाऱ्याची खूण मनात धरून जातं असा कयास होता. ब्रदर्स आणि लोहमन यांनी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या कासवांचा याबाबतीत एक सुंदर पुरावा दिला. चुंबकीय खूण सारखी असलेल्या किनाऱ्यांवरची कासवं परस्परांच्या अधिक जवळची निघाली, मग ते किनारे द्वीपकल्पाच्या विरुद्ध बाजूंना का असेनात. याचा अर्थ कासवाची वाट चुकते, तीही चुंबकाच्या हिशेबाने. मामाच्या गावासारखं दुसरं गाव दिसलं की ते तिथे उतरतं.

आता गुहागरची गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे अंडी घालायला आलेल्या 'बागेश्री' नावाच्या कासवाच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवलं गेलं. ती दक्षिणेकडे निघाली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. मग जानेवारी २०२५ मध्ये याच किनाऱ्यावर एक मादी अंडी घालताना दिसली. तिच्या वल्ह्यावर बिल्ला होता: ०३२३३. तो मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला लावलेला होता. दोन्ही किनाऱ्यांतलं समुद्रमार्गे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर.

पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळ्या घराण्यांची, असं आपण धरून चाललो होतो. एका मादीवरून सिद्धान्त बदलत नाही. पण रिडले कासवं माहेराला हिरव्या कासवांइतकी घट्ट चिकटत नाहीत, असं पूर्वीच्या अभ्यासांतूनही सूचित होत होतं. कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ओडिशाच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरची रिडले तपासली, तेव्हा त्यांच्यात आपापसांत वंशाचा फरक सापडला नाही. माहेर म्हणजे एकच अंगण नसून अख्खी पंचक्रोशी असू शकते. आणि ०३२३३ सारखी एखादी पंचक्रोशीही ओलांडते. अशा थोड्या ओलांडणाऱ्यांमुळेच वंश बंदिस्त होत नाही. सगळेच नातलग सदैव एकत्र राहिले तर जवळच्या नात्यांत संतती होते आणि ती दुबळी निघते. सगळेच पांगले तर ओळखीचा, जमलेला किनारा हातचा जातो. बहुतेक घरी आणि थोडे बाहेर, ही विभागणी कासवांनीही केलेली दिसते.

मग फरक काय पडतो?

नात्यागोत्याची ही चौकशी केवळ कुतूहलाची नाही. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारी, चपट्या डोक्याची एक शेवंड पूर्वी ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर मिळायची. निर्यातीला भाव होता. अंडी वाहणाऱ्या माद्याही उचलल्या गेल्या. १९९४ पर्यंत ती मासेमारी जवळजवळ संपली. शास्त्रीय नियतकालिकात त्या घटनेवर पुढे लेख आला, त्याच्या शीर्षकातच 'ऱ्हास' नव्हे, 'कोसळणे' असा शब्द होता. समुद्र सामाईक विहीर असता तर दुसरीकडचे डिंभ येऊन ही जागा भरायला हवी होती. दर्याला कमी नाही, हे म्हणणं या शेवंडीपुरतं तरी खोटं ठरलं.

याची दुसरी बाजू आशेची आहे. बाळं जवळच राहत असतील तर जपलेल्या जागेचं फळ जपणाऱ्यालाच मिळतं. १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून "आमचा समुद्र बंद करून फायदा कुणाचा?" हा प्रश्न मच्छीमार विचारत आले आहेत. प्रश्न रास्त आहे. जोन्स आणि इतरांच्या कामातून त्याचं एक उत्तर निघतं: राखलेल्या खडकांवरची बरीचशी पिल्लं राखणाऱ्याच्याच परिसरात उतरू शकतात. जून-जुलैमधल्या मासेमारी बंदीचाही हिशेब असाच आहे. आणि हे उत्तर सगळ्या जातींना सारखं लागू नाही. पोटात बाळं वाढवणाऱ्या प्रवाळाला छोटा राखीव तुकडा पुरेल. दहा महिने भटकणाऱ्या शेवंडीला नाही. तिच्यासाठी अंडी वाहणारी मादी जाळ्यातून परत सोडणं जास्त मोलाचं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं पठार आहे. आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालं आहे. इतक्या एकाकी जागेवर शेजारून मदत येईल या भरवशावर कुणी राहू नये. तिथल्या बऱ्याचशा जीवांचं गोत्र तिथेच असणार.

मागच्या महिन्यात एका लग्नात तो मागच्या बाकावरचा मुलगा भेटला. आता तो बँकेत आहे, पाया पडला. मी म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं माझं." त्याला प्रश्न आठवत नव्हता. मी आठवण करून दिली आणि मांडवातल्या गर्दीत कासवं, कालवं आणि कोळंबीची राणी असं सगळं सांगत सुटलो. त्याची बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. तिचं माहेर गुहागरजवळचं निघालं.

"म्हणजे असतात की सर, चुलत-मावस," तो म्हणाला.

"असतात," मी म्हटलं. "आणि बरेचदा शेजारीच राहतात."